चार बोटं

सॉल्टबर्नच्या उताराखाली, आउथवेटच्या दुकानात
भिंतीला टेकून उभी आहेत वल्ही,
पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखी.

लाकडाचं उचललं. देखणं, पण जड.
अ‍ॅल्युमिनियमचं जर्मनच्या टोपासारखं वाजलं.
कार्बनचं घेतलं,
तर हात आपोआप वर गेला, काही धरलंच नसल्यासारखा.
किंमत वाचून खाली आला.

"नदीत की लाटांवर?" आउथवेट विचारतो.
नदीला लांब, डोक्यावर वीतभर.
लाटांना आखूड, डोक्याला जेमतेम टेकेल असं,
पातंही लहान, भराभर मारता यावं म्हणून.
दोन्हीला मिळून एक नाही का?
तो नुसती भुवई उचलतो.

मी उलटं धरलंय, हेही तोच सांगतो:
पात्याचा बाक पुढे हवा.
मला वाटलं, डावासारखं
आपल्याकडे ओढायचं.

वय चौपन्न. पासपोर्टावर उंची पाच-दोन,
दुकानाच्या चौकटीपाशी अर्धा इंच कमी भरली.
कुठे सांडला कोण जाणे.

"लाटांवर," मी म्हणते,
आणि माझंच मला नवल.

मूठ आधी टेपने बांधून दिली त्याने.
पाण्यात जाऊन ये, मग कापू.
कापलेलं परत वाढत नाही.

दोन शनिवार मी पडत राहिले,
उत्तर समुद्र नाकातोंडात.
तिसऱ्या शनिवारी करवत.

उरलेली चार बोटं नळी
मी केरात टाकू दिली नाही.
धक्क्यावर वारा शिरतो तिच्यात
आणि ती वाजते,
बेसूर, पण मोठ्यांदा.