आतलं काम

बाहेरचं हिरामण धुतो.
प्रेशरची बंदूक सुटली की
मडगार्डखालची काळी माती थेट रस्त्यावर उडते,
शाळेतली पोरं थांबून बघतात.
आतलं काम माझं.
त्याला कोणी थांबत नाही.

सावद्याबाहेर, रावेर रोडला, वजनकाट्याच्या शेजारी
आमचे चार पत्रे, एक बोअर.
पाणी असं क्षाराचं, की पुसायला उशीर झाला
तर काळ्या बोनेटवर पांढरे ठिपके उठतात
देवी आल्यासारखे.
म्हणून मे महिन्यात पहाटे चारला लागतो.
आठनंतर फेस अंगावरच वाळतो,
गाडीच्याही, आमच्याही.

मागचं दार उघडून मी आधी नुसता वास घेते.
तुराट्यांचा धूर, म्हणजे मळ्यात भरीत झालं.
डांबरगोळी, म्हणजे पेटीतले शालू लग्नाला निघाले.
बाळाचं दूध आंबलं असेल तर
सोड्याचं पाणी, दोनदा, आणि काचा उघड्या.
मग सीटच्या फटीत टूथब्रश.
शेंगांची फोलपटं, चार आणे, जळगावच्या दवाखान्याची चिठ्ठी.
सापडेल ते डॅशबोर्डवर ठेवते.
एकदा एकच जोडवं निघालं.
ते कागदात बांधून बाईच्या हातात दिलं,
गड्याच्या नाही.

लोटन शेठची गाडी विकायला काढलेली.
बुऱ्हाणपूरचं गिऱ्हाईक रविवारी येणार.
"आत कधी कोणी बसलंच नाही, अशी दिसली पाह्यजे वं,"
म्हणाले, किल्ली दिली, चहाला गेले.

मॅट झटकले, घासले, तारेवर टाकले.
एसीच्या जाळीतली धूळ
काडीला कापूस गुंडाळून काढली.
छताला फेस लावताना तो माझ्याच कोपरापर्यंत ओघळला.
स्टिअरिंगवरून मळ निघतो तो काळा, मऊ, मेणासारखा,
अकरा वर्षांच्या तळव्यांचा.
पुढच्या सीटा तासाभरात झाल्या.
मागची डावी राहिली.

पाठ टेकते तिथे, वरच्या अंगाला,
वीतभर तपकिरी डाग.
शाम्पू. लिंबू. रॉकेलचा बोळा.
ओला झाला की आणखी गडद.
चीक.
केळीचा.
लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो,
रंग नंतर धरतो आणि मग कशालाच सोडत नाही.
माझी किती लुगडी डाव्या खांद्यावर गेली
घड वाहून वाहून.

आत चढले. बसले. पाठ टेकली.
खांदा बरोब्बर तिथेच आला.

शेठला ओळखत होते, सावद्यात कोण ओळखत नाही.
गाडी ओळखली नव्हती.
त्या दिवशी डोळे मिटलेलेच होते.
कोणाचा तरी विळा सुटला, घोट्यामागून गेला.
ही बांधाला उभी, तेव्हा कोरी,
सीटवरचा प्लास्टिकचा कागद नुकता काढलेला.
मुकादम म्हणाला, खाली टाकायला पोतं आणतो.
शेठ म्हणाले, पोत्याला कुठं जातो आता, बसव तिला.

रक्त खूप गेलं होतं म्हणतात.
पण रक्त गार पाण्यानं निघतं,
त्याच रात्री कोणीतरी काढलं असेल.
माझी टाच मात्र पुरती टेकेना.
घड वाहणं सुटलं,
बसून करायचं काम शोधत
बहिणीच्या पोराकडे, इथं.

शेठ आले. वाकून पाहिलं.
"हे काय?"
"चीक आहे, शेठ. जात नाही."
"मजूर बसले असतील कधी. राहू दे, कव्हर चढवू."
माझ्या पायाकडे पाहिलं नाही,
पाहायचं काही कारणही नव्हतं.

सातशे ठरले होते.
डाग राहिला म्हणून पन्नास कापले.
कापू दिले.

"मावशी, बोलली का नाही?" हिरामण विचारत होता.
मी टूथब्रश धुऊन उन्हात ठेवत होते.
पुढची जीप उताराला लागलीच होती,
आत सगळीकडे कोंबडीची पिसं.