चार फूट खाली

रिंग दहा फुटांवर हवी,
हे खोक्यावरच छापलेलं होतं.
खड्डा किती खोल, ते शेजारच्या म्हाताऱ्या डेलने सांगितलं,
कुंपणावर कॉफीचा मग टेकवून:
चार फूट. इंचभरही कमी नाही.
मिलवॉकीची जमीन थंडीत फुगते,
उथळ रोवलेलं सगळं वर ढकलून देते.

श्रीरंग म्हणाला, घर विकताना हा खांब आडवा येईल.
कधी विकताना, मी विचारलं नाही.
पहार मारत राहिले.
अडीच फुटांवर दगड लागला,
तो काढण्यात अख्खा शनिवार गेला.

अण्णा गवंडी होते, इस्लामपूरला.
ओळंब्याची दोरी दातांत धरून बोलायचे,
त्यामुळे निम्मं बोलणं कळायचंच नाही.
मी खांबाला चारी बाजूंनी पाणसळ लावली.
बुडबुडा मध्ये आला,
जरा सरकला,
परत आला.
'ऱ्हाऊ दे आता,' असं काहीतरी
दातांतून ऐकल्यासारखं वाटलं.

तीन दिवस हात लावायचा नाही, काँक्रीट धरू दे.
नीरद चेंडू काखेत घेऊन जेवला,
झोपलाही तसाच.
पहिल्याच संध्याकाळी डेलचं मांजर
ओल्या सिमेंटवरून गेलं. चार पावलं.
राहू दिली.

चौथ्या रात्री दीडला जाग आली.
धप्.
मग बराच वेळ काही नाही.
धप्.
खिडकीतून पाहिलं:
पायजम्यातला श्रीरंग,
चेंडू छातीशी धरून,
मान वर करून अंतर मोजतोय.

एकही आत जात नव्हता.
खांब हलत नव्हता.