उत्तर द्या (दोन गुण)

पुन्ता अरेनासहून शिकवते मी, मंगळवारी रात्री आठला,
पाणी कसं तपासायचं ते.
पडद्यावर एकोणीस चौकोन, त्यातले सतरा काळे.
नावं तेवढी उजेडात.
एकदा कुणाचा तरी माइक चुकून उघडा राहिला:
किटलीची शिट्टी, खोकला, आणि
"अजून बोलतेच आहे ही."

मग संस्थेनं चर्चेची खिडकी दिली.
आठवड्याला एक मत मांडा, दोघांना उत्तर द्या,
दोन गुण.
आणि काय सांगू, ओसंडून वाहिली ती खिडकी!
सहमत आहे, ओरियाना.
छान मुद्दा, नेल्सन.
अगदी हेच म्हणणार होतो मीही.
रविवारी रात्री अकरा पन्नासपर्यंत
जो तो दुसऱ्याची री ओढतोय.
आलेखाची रेघ चढली, वरून अभिनंदन आलं:
सहभाग ब्याण्णव टक्के.
मी एकटी वाचत बसायचे ते सगळं,
रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं वाचावीत तशी.

उरलेल्या आठ टक्क्यांत एर्विन मान्सिया.
पोर्वेनीरच्या पलीकडे, मेंढ्यांच्या कुरणावर.
नऊ आठवडे त्याच्या नावापुढे
मी न चुकता शून्य घातलं.

दहाव्या आठवड्यात त्याचा आवाज आला.
चव्वेचाळीस सेकंद. त्यातले तीस नुसता वारा,
एक कुत्रं. मग:
"आमच्या विहिरीचं पाणी चाचणीत स्वच्छ ठरलं, बाई.
पण कोकरं तोंड लावत नाहीत.
चूक कुणाची, बाटलीची की कोकरांची?"

मला माहीत नव्हतं.
तसंच लिहिलं: माहीत नाही.
एवढ्या आठवड्यांत हे पहिल्यांदाच.

सामनच्या कारखान्यातून, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, ओरियाना:
बाटली कशानं धुतलीस?
नेल्सन: बाटली सोड. पाइप नवा आहे का?
ओरियाना: पाइपचा काय संबंध?
आणि मग कधीच न लिहिणारी इर्मा कार्कामो:
मला नाही पटत, ओरियाना.

हे वाक्य मी दोनदा वाचलं.
मुदत टळून गेली होती. गुण नव्हते कुणालाच.

पहाटे पावणेचारला एर्विनचा फोटो,
टॉर्चच्या उजेडात: तांब्याचा नवा पाइप,
जोडावर हिरवट डाग.
आपण जंतू मोजले होते.
तांबं मोजलंच नव्हतं कुणी.

पुढच्या मंगळवारी चौकोन काळेच.
गुणांची अट मी काढून टाकलीय;
सहभाग आता एकेचाळीस टक्के,
संस्थेनं लेखी खुलासा मागितलाय.

लिहायला बसले, दोन ओळींवर अडले.
शेवटी वाराच जोडून पाठवला,
कुत्र्यासकट.