साडेपाच मीटर

आमची शाळा कुजबुजत भरते.
सळईच्या कारखान्यातून यापेथ सकाळी सातला येतो,
कॉलरला लोखंडाचा वास, डोळ्यांत अजून भट्टी.
दोन पोळ्या खाऊन आतल्या खोलीत आडवा होतो
आणि सातचा पाढा आम्ही ओठांतल्या ओठांत म्हणतो.
सिलासला वाटतं पाढे असेच असतात,
प्रार्थनेसारखे, दबक्या आवाजाचे.

पुस्तकांचं कपाट म्हणजे मोसंबीची सहा खोकी.
मीच घासली, मीच पिस्ता रंग दिला,
तरी दमट दिवशी इतिहासाच्या वहीला मोसंबीचा वास येतो.
दारावरची वचनाची पाटीही माझीच,
दर महिन्याला पुसून नवी रंगवते.
मे महिन्यात एक वेलांटी उलटी पडली.
सिलासनं बोट फिरवलं, थांबला,
मम्मी, हे असं नसतं.
त्यानं आपणहून वाचलेला पहिला शब्द
माझी चूक होती.
आठवडाभर ती तशीच ठेवली मी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

गयामावशी भिंतीपलीकडून विचारते,
पोरं शाळेत काहून घालत नाय वो?
मी रोज वेगळं उत्तर देते.
कधी कधी रात्री ते सगळं मलाच सांगून बघते,
आणि एखाददुसरं पटत नाही.
आज म्हणाले, नळ आला मावशी.
खरंच आला होता, नवव्या दिवशी,
आणि त्या पाण्यावर माझा डोळा होता.

कारण आतली खिडकी पश्चिमेची.
अडीच वाजता जालन्याचं ऊन
थेट यापेथच्या पापणीवर येऊन बसतं.
तो कूस बदलतो. आम्ही भूगोल थांबवतो.
सदर बाजारात जाड पडद्याचे भाव विचारले,
कापड बोटांनी चाचपलं,
दुकानदाराला म्हणाले, येते परत.

मग पेटीतून ती साडी काढली,
पांढरी, चांदीच्या काठाची,
देवळात एकदाच नेसलेली.
अबीनं टेपचं एक टोक धरलं:
साडेपाच मीटर.
गणित घाल, म्हणाले.
दाराचे दोन भाग, दोन-दोन मीटरचे,
खिडकीला एक मीटर वीस.
तिनं पाटीवर मांडलं, हळूच ओरडली,
तीस सेंटिमीटर उरतात मम्मी! बाहुलीला झगा होतो!
शिवण धरलीस का?
वर पाच, खाली पाच, तीन तुकडे.
ती बघत राहिली. तीस गेले.
कुठं गेले?
दुमडलेत. आतच असतात.
दिसत नाहीत मग.
नाहीत, पण त्यांच्याशिवाय सगळं उसवतं.

कात्री हातात घेऊन मी थोडी बसले.
सिलास म्हणाला, तू पडदा नेसून लग्न केलं होतंस?
हसू आवरायला तोंडात पदर कोंबला,
आणि त्या हसण्यातच पहिला काप गेला.

बादलीत गडद निळा रंग, चिमूटभर मीठ,
काठीनं ढवळत अबीला विरघळणं शिकवलं.
रंग सगळीकडे सारखा चढला नाही.
मी हिरमुसले. सिलास म्हणाला, ढग आलेत.
उरलेलं निळं पाणी तुळशीमावाच्या कुंडीला घालू की नको
यावर अर्धा तास विज्ञान झालं. नाही घातलं.
हात मात्र कोपरापर्यंत निळे,
रविवारी उपासनेला जाईपर्यंत निघायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी पडदे टांगले.
खोलीत भर दुपारी रात्र झाली.
यापेथ इतका झोपला
की सहाला धडपडत उठला, शर्टाची बटणं खालीवर,
अरे, वाजले किती?
मोठा काटा कुठं, छोटा काटा कुठं,
पोरांनी एका दमात, आणि पहिल्यांदाच
मोठ्या आवाजात सांगितलं.

डबा घेऊन निघताना
त्याचा हात दाराशी अडला.
निळ्यात रंग न धरलेला काठ,
चांदीचा तसाच चांदीचा.
अंगठ्यानं चोळून बघितलं त्यानं.
ही तीच का गं?
कुठली, मी म्हणाले,
आणि बटणं नीट लावून दिली.