डावा हात

घोडपदेवला, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर
आम्ही पंचेचाळीस मजली टॉवर कापतो.
एकास दोनशे प्रमाणात
खिडकी म्हणजे तांदळाचा दाणा.

चिंदरकर खिडकीकडे बघत नाहीत.
पहिल्या दिवसापासून एकच विचारतात,
"डावा हात कुठंय?"

उजव्याकडे कटर असतो, त्याला काम असतं,
तो आपला आपण सांभाळतो.
डावा भोळा.
स्टीलची पट्टी दाबता दाबता
अंगठा हळूच काठाबाहेर येतो,
गल्लीत काय चाललंय बघायला
उंबऱ्यात आलेल्या पोरासारखा.

"आणि हा काय फणस आहे
एका घावात फोडायला?
तीनदा हलकं जा. पुठ्ठा आपणहून सुटतो."
पातं बोथट झालं तरी मी बदलायला आळस करायचो.
मग जोर लावायचा,
आणि लावलेला जोर कुठे सटकेल
ते ना मला ठाऊक, ना पात्याला.

एकदा कटर टेबलावरून घरंगळला
आणि हात झेलायला गेला.
मैदानात वाढलेला हात, त्याला दुसरं काय सुचणार?
"पडू दे रे! पाय मागे घे.
इथे कॅच सोडल्याबद्दल कुणी शिव्या घालत नाही."

जुनी पाती हिंगाच्या डब्यात जातात.
झाकणाला गल्ल्यासारखी चीर.
भरला की वरून चिकटपट्टी, मार्करने मोठ्ठं 'पाती'.
मी म्हटलं, एवढं कशाला,
कागदात गुंडाळून टाकू की.

चहाचा ग्लास त्यांनी खाली ठेवला.

वीसेक वर्षांमागे त्यांनीच टाकलं होतं एक,
लाइट बिलात गुंडाळून.
दुसऱ्या दिवशी कचरा वेचणारी बाई जिना चढून आली,
तळहाताला लुगड्याची चिंधी.
पुडी उलगडून टेबलावर ठेवली.
"तुमचं हाय ना? ऱ्हायलं व्हतं."
पाणी दिलं, तर घेतलं नाही.
नाव विचारायचं सुचलंच नाही यांना.

कुठला हात होता, मी विचारलं.

चिंदरकरांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले,
बराच वेळ उलटसुलट बघितले.
"डावा."

आज डबा भरला.
चिकटपट्टीचा एक वेढा मी जास्त दिला,
मग आणखी एक.
पंचेचाळिसावा मजला अजून कापायचाय.
नवं पातं पकडीने बसवतो,
पट्टी ठेवतो, अंगठा आत घेतो.