मागच्या काचेतला दांडा

उद्यमबागेत, क्रँकशाफ्ट घासणाऱ्या
दोन कारखान्यांच्या मधल्या आमच्या शेडमध्ये
ती आली तेव्हा ट्रॅक्टरच्या मागं दोरीनं आली,
दिवे मिटून.
तिचे दिवे मिटतात. बटण दाबलं
की बुबुळं आत वळतात.
आता एकच वळतं.

भरमामामा म्हणाला, कार्व्हेट. त्रेसष्टची.
आणि हातोडी खाली ठेवली.
हिला पत्रा नाही. अंगभर फायबर.
ठोकून सरळ होणारी जात नव्हे,
चिरते, पण वाकत नाही.
मग शहापुरातून बसलिंग आला, जो एरवी
पाण्याच्या टाक्या करतो
आणि गणपतीत हलत्या देखाव्यांतले राक्षस.
कलिंगड ऐकावं तसं त्यानं
दारापासून दारापर्यंत टकटक करून ऐकलं.
"छलो ऐती," म्हणाला. "फक्त हितं जरा रडतंय."

मालकाच्या कपाटात जुनं माहितीपत्रक सापडलं.
इंजिन आठ सिलिंडरचं, तीनशे सत्तावीस घन इंच,
घ्याल त्या ताकदीचं:
अडीचशे घोडे, तीनशे, तीनशे चाळीस,
आणि ऐपत असेल तर इंजेक्शनवालं, तीनशे साठ.
आपलं कुठलं म्हणून आम्ही तिघांनी बॉनेट उचललं.

मॅटॅडोरचं डिझेल.

चार सिलिंडर, पन्नासेक घोडे, तेही थकलेले.
पेट्रोल परवडेना तेव्हा मालकाच्या वडलांनी बसवून घेतलेलं,
आणि तंबाखूचे नमुने घेऊन
ती निपाणीपर्यंत धडधडत जायची म्हणे.
दुधाची गाडी आली म्हणून बायका चरव्या घेऊन
दारात यायच्या.
मूळ इंजिन कारवारच्या एका होडीला विकलं.
होडी फार जोरात गेली.
परत आली नाही.

कंपनीही दरसाल काहीतरी काढत, घालत राहिली.
चौसष्टला बॉनेटवरच्या खोट्या जाळ्या गेल्या,
खळगे तेवढे उरले.
पासष्टला चाकामागं तीन उभे कल्ले फुटले, खरे,
गरम हवा बाहेर टाकणारे.
सदुसष्टला पाच.
पण सगळ्यात आधी, एका वर्षातच, गेला
मागच्या काचेतला दांडा.
मणक्यासारखा वरून खाली उतरायचा.
दिसायला देखणा.
आरशात बघाल तर अर्धा रस्ता इकडं, अर्धा तिकडं,
आणि मधला माणूस गायब.

आपल्या गाडीचा दांडा कंपनीनं नाही काढला.
मामानं कापला, ह्याच शेडमध्ये, अठ्ठ्याहत्तर साली,
करवतीच्या मोडक्या पात्यानं.
खडेबाजारात रिव्हर्स घेताना थोरल्या मालकांना
पेरूचा गाडा दिसला नव्हता.
चार डझन पेरूंचे पैसे भरून ते तसेच इकडं आले.
मिरजेहून एकसंध काच करून आणली.

काल कोल्हापूरहून गिऱ्हाईक आलं.
इंजिन बघून हसलं, ते बदलता येतं म्हणालं.
मग मागं गेलं, आणि चेहराच पडला.
"दांडा असता तर चौपट दिले असते."

मामाचे पुढचे दात नाहीत, हसला की शिट्टी वाजते.
"काढला तवा दिसाय लागलं की हो.
आता न दिसायचे पैसे देताय काय?"

नवा करून देतो, चार दिवसांत, बसलिंग म्हणाला.
त्याच्याकडं साचे आहेत, हात आहे.
गिऱ्हाईक म्हणालं, नवा नको, मूळचा हवा.
मामा काहीच बोलला नाही.
मीही नाही.
माळ्यावर गोणपाटात तो आहे, हातभर,
पोटाशी जरा बाकदार.
चौथीत असताना मी त्यानं कैऱ्या पाडायचो.

सगळे गेल्यावर आत बसलो. किल्ली फिरवली.
तिसऱ्या झटक्याला डिझेल खोकलं, काळा धूर,
शेजारच्या लेथवाल्यानं शिवी दिली, कानडीत,
मी मराठीत परत केली, रोजच्यासारखी.
आरसा पुसला.
बसलिंगची स्कूटर, नळावरची रांग,
वाळत घातलेला मामाचा पट्ट्यापट्ट्याचा टॉवेल,
आणि कोपऱ्यावर वळणारा पेरूवाला.
एकाच काचेत.