राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं

मानवतच्या तहसीलसमोर, बाभळीला टेकून
माझं टेबल. एक कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर,
आणि एक प्रिंटर, जो कापसाच्या सीझनला
रुई गिळतो अन् खोकत खोकत कागद देतो.
बावीस वर्षं मी लोकांच्या तोंडची शपथ टाइप करतोय.

टेकाळे गट सकाळी येतो.
आम्हीच खरा पक्ष, असं अकरा जणांचं म्हणणं.
होगे गट दुपारी, जेवून, बडीशेप चघळत.
आम्हीच खरा पक्ष. तेही अकराच.
नगरपालिकेत सदस्य एकूण सतरा.
मी बेरीज विचारत नाही,
पानाला चाळीस रुपये, एवढंच सांगतो.

मसुदा एकच. फाइल उघडायची,
नाव खोडायचं, नाव टाकायचं.
"राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता,
कोणाच्याही दबावाला बळी न पडता"
एवढं तर माझी बोटं झोपेतही टाइप करतील.
फोल्डरला नाव दिलंय: एकी.

भांडण तत्त्वाचं आहे, असं दोघंही सांगतात.
तत्त्व म्हणजे मोंढ्यामागची नाली.
तीनदा मंजूर झाली, तीनदा बिल निघालं.
पहिलं टेकाळ्याच्या साडूचं, दुसरं होग्याच्या भाच्याचं,
तिसरं कोणाचं, यावरून पक्ष फुटला.
नाली काही अजून कागदावरून खाली उतरली नाही.
पाणी येतं ते माझ्या टेबलाखालून जातं.
दोन्ही गट पाय वर घेऊन सह्या करतात.

मागच्या महिन्यात सात जणांना गाडीत घालून
समुद्र दाखवायला नेलं.
जाताना सातही होग्याचे होते,
येताना चौघं टेकाळ्याचे.
एकानं लेकरासाठी शिंपले आणले होते,
तेसुद्धा त्याला दोन्हीकडं वाटावे लागले.

शनिवारी, दिवेलागणीला, माझी आवराआवर चाललेली,
तेव्हा प्रभाग सहाच्या आसराबाई कच्छवे आल्या.
एरवी त्यांचा नवरा येतो,
त्यांच्या नावाची सही ऐटीत ठोकतो,
'आ'चा काना पार खालपर्यंत ओढून.
आज एकट्याच. हातात पिशवी, पिशवीत मेथी.
"म्या आतापोतर काय काय लिहून दिलंय,
ते वाचून दाखवा बरं."

मी वाचलं.
चौदा तारखेला त्या टेकाळेंसोबत होत्या. सोळाला होगेंसोबत.
सतराला शपथेवर म्हणाल्या होत्या, सोळाची सही माझी नाही.
अठराला, सतराची नाही.
दर वेळी राजीखुशीनं. दर वेळी अक्कलहुशारीनं.
त्या ऐकत राहिल्या,
जसं दुसऱ्याच कोण्या गावच्या बाईचं ऐकावं.
"लै फिरली की हो ही बाई," म्हणाल्या.
हसल्या नाहीत.
मला आलेलं हसू मी प्रिंटरकडं वळून गिळलं.

"आता एक माझा टाइप करा."
"कोणाच्या बाजूनं?"
"माझा म्हणायलेय ना."

कोरं पान उघडलं.
मसुद्याशिवाय बोटांना वाट सापडेना.
मी, आसराबाई मुंजाजी कच्छवे, वय अडतीस,
लिहून देते की

त्या गप्प. मोंढ्यात कुणीतरी शटर ओढलं.
तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं,
आणि फोन वाजला.
स्क्रीनवर नवऱ्याचं नाव: साहेब.
"आलेच," म्हणाल्या त्याला.
मग मला, "एवढंच द्या. बाकीचं घरी आठवते."

प्रिंटर खोकला.
वर दीड ओळ, खाली सगळं पान पांढरं.
चार घड्या घालून त्यांनी ते मेथीत खुपसलं
आणि विचारलं, किती झाले?
मला सांगता आलं नाही.

सोमवारी नवरा आला, त्यांचा पाचवा कागद करायला.
मी केला. चाळीस रुपये घेतले.
त्यानं 'आ'चा काना ओढला, समासाबाहेर गेला.

फाइल बंद करताना
एकीमध्ये ती दीड ओळ दिसली. उघडली.
'की'च्या पुढं कर्सर लुकलुकत होता.
मी कितीतरी वेळ बघत बसलो,
मग पाय वर घेतले.
पाणी आलं होतं.